बाबांकडे उरलेला शब्द

आमच्या घरात कॉफी कुणी पीत नसे. धामणगाव बढे हे आमचं गाव, तिथं सगळे चहावाले. कॉफी म्हणजे ताप उतरल्यावर आई जायफळ घालून द्यायची ती. एकदा आणलेली पुडी डब्यात तिचा खडा होईपर्यंत पुरायची. बाबांना तर तिचा वाससुद्धा सोसत नसे. त्यांच्या कापडाच्या दुकानात मात्र कॉफी हा एक रंग होता. चॉकलेटी वेगळा, तपकिरी वेगळा आणि कॉफी वेगळा. बायका मॅचिंग ब्लाउज पीस शोधायला आल्या की बाबा थान उजेडात धरून हा फरक समजावून सांगत. बोलायची त्यांना भारी हौस. गिऱ्हाईक कापड घेवो न घेवो, घरची खुशाली सांगितल्या-विचारल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नसे.

त्या दिवशी बाजार होता. एका बाईला साडीवर पीस हवा होता. "हा चॉकलेटी नाही बाई, हा कॉफी..." एवढं म्हणून बाबा थांबले. पुन्हा एकदा "कॉफी" म्हणाले. मग हातातलं थान सुटलं आणि ते गादीवर उजव्या अंगाला कलले. बाईला वाटलं, वाकून काही उचलताहेत. हे सगळं तिनेच नंतर दवाखान्यात येऊन आईला सांगितलं. शेजारच्या दुकानदारानं गाडी काढली आणि माझ्या धाकट्या भावाला सोबत घेऊन बाबांना बुलढाण्याला नेलं. मी चिखलीहून, माझ्या सासरहून, पोचले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात पलंगाबाहेर लोंबत होता. तो कुणीतरी उचलून पोटावर ठेवायचं, तो पुन्हा खाली जायचा.

काही दिवस ते नुसते पडून होते. मग एका सकाळी त्यांनी आईकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "कॉफी."

आई रडायलाच लागली. भाऊ पळत खाली गेला आणि टपरीवरून कागदी कपात कॉफी घेऊन आला. बाबांनी डाव्या हातानं कप उडवून लावला. "कॉफी! कॉफी!" चादरीवर डाग पसरला. नर्स आम्हालाच ओरडली, "नाकात नळी दिसत नाही का? गिळता तरी येतं का त्यांना?"

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. मेंदूतला बोलण्याचा भाग गेलाय, म्हणाले. त्यांना बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. कधी कधी एखादाच शब्द उरतो, झटका आला त्या वेळी तोंडात असलेला. त्यांना वाटतं, आपण नेहमीसारखंच बोलतोय. बोलायला शिकवणारी एक बाई अकोल्याला होती. थोडे दिवस आम्ही त्यांना नेलं. रस्ताभर त्यांना ओकाऱ्या व्हायच्या, घरी आले की दोन दिवस जेवण जात नसे. मग एका आठवड्याला भावाला जमलं नाही, पुढच्या आठवड्याला गाडी मिळाली नाही, आणि ते सुटलं ते सुटलंच.

आई मात्र त्यांचं बोलणं शिकली. पाण्याचं "कॉफी" तोकडं असायचं. लघवीचं भांडं हवं असलं की शेवटचा सूर लांबायचा. कूस बदलायची असली की आवाज खाली यायचा, कारण एरवी ताठ असणाऱ्या माणसाला ते मागायची लाज वाटे. मला हे सगळं एकसारखंच ऐकू येई. मी माहेरी गेले की ते माझ्याकडे पाहून लांबलचक बोलत, "कॉफी, कॉफी, कॉफी कॉफी," आणि आई भाकरी थापता थापता सांगे, "ते म्हणून राह्यले, तू बारीक झाली. सासरी काम लय पडते काय, असं इचारून राह्यले."

"तुला कसं कळतं गं?"

"अवं, तोंड पाह्य ना त्यायचं. माणूस काय नुसता जिभेनंच बोलते काय?"

ते दोघं त्या एका शब्दावर भांडतसुद्धा. बाबा चिडून "कॉफी!" म्हणत. आई तेवढ्याच जोरात म्हणे, "मले नका सांगू. गोळी घ्याच लागते. काल थुकली तुमी, मी पाह्यलं." बाबा तोंड फिरवत. थोड्या वेळानं हळूच एक "कॉफी" येई आणि आई उठून त्यांच्या पाठीला उशी लावे. बाबांची समजूत अशी की आपण नीट बोलतो आणि बाकीचं जग बहिरं झालंय, फक्त बायकोचे कान शाबूत आहेत.

गावात ही गोष्ट पसरली. लोक भेटायला येत आणि मुद्दाम विचारत, "काय म्हणता शेठ?" बाबा खुशीनं बोलायला लागत. पाहुणे ओठ दाबून ऐकत आणि ओट्यावरून उतरता उतरता हसत. भावानं त्यांना दोन-चारदा चाकाच्या खुर्चीत बसवून दुकानात नेलं. त्यांना बरं वाटेल, असा त्याचा हेतू होता. बाबा डाव्या हातानं कापड दाखवत आणि प्रत्येक रंगाला कॉफी म्हणत. एक दिवस कॉलेजातल्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत खिदळायला लागल्या. बाबांना ते दिसलं. त्यांनी हातातला पीस खाली ठेवला आणि दुकान बंद होईपर्यंत भिंतीकडे पाहत बसले. त्यानंतर खुर्ची आणली की ते नको म्हणून मान हलवत.

आई गेली ती उन्हाळ्यात, सकाळी. मला हे भावजयीनं सांगितलं.

"मामाजी सारखे कॉफी कॉफी करून राह्यले होते ताई. मी पाणी नेलं. त्यायनं गिलास ढकलला. भांडं नेलं, तेबी नाई. कूस बदलून देल्ली. मंग लयच ओरडाले लागले. तुमचे भाऊ दाढी करून राह्यले होते, तिथूनच म्हणले, बाबा, गप बसा ना थोडं, काऊन कल्ला करून राह्यले. मंग मी म्हणलं, आत्याबाईलेच बलावते, त्यायलेच समजते. पाह्यते तं आत्याबाई मोरीत पडेल होत्या."

बाबांच्या पलंगावरून मोरीच्या दाराचा खालचा भाग दिसतो. त्यांनी आईचे पाय पाहिले असणार. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, आधी कळलं असतं तरी काही झालं नसतं. हे भावाला त्यांनी दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून तो बाबांच्या खोलीत गेला की दारातच उभा राही.

आईला नेण्याआधी बाबांना खुर्चीतून तिच्याजवळ आणलं. बायका रडायच्या थांबल्या. मला वाटलं, आता ते बोलतील. डाव्या हातानं त्यांनी तिच्या कपाळावरची बट मागे सारली, ती नीट बसेना, म्हणून परत सारली.

पुढे भावजयीनं फार केलं. "पाणी? भांडं? पंखा? दुखते काय?" एकेक विचारत जाई आणि बाबा मान हलवत जात. कधी पाचव्या-सहाव्या प्रश्नाला जमे, कधी जमतच नसे. मग ते थकून डोळे मिटत. हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं. भांडं लागलं तरी बोलवेनात, कपडे ओले होत. लोकांचं येणंही थांबलं होतं.

पावसाळा संपता संपता त्यांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेऊ नका, असं त्यांनी मानेनंच सांगितलं. मी राहायला गेले. एका दुपारी मी उशाशी बसले असताना त्यांनी अचानक डोळे उघडले आणि बोलायला लागले. तोच शब्द, पण केवढ्या चढउतारांनी. मधेच आवाज घोगरा होई, मधेच ते कुणाची तरी नक्कल केल्यासारखे म्हणत, एकदा तर हसले. प्रत्येक वळणावर थांबून माझ्याकडे पाहत. मी म्हणत होते, "हो बाबा. हो. हाव." ते दुकानात बोलायचे तसे बोलत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आईनं सांगितलं होतं तसं, पण मला काही वाचता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं आणि एकदाच, हलकेच विचारलं, "कॉफी?"

"हो," मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. मनगटावरची पकड घट्ट झाली. पुन्हा तोच प्रश्न. मी घाईघाईनं म्हणाले, "नाही बाबा, नाही. तसं काही नाही."

त्यांनी हात सोडला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानंतर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. मी कोणत्या प्रश्नाला नाही म्हटलं, ते मला आजतागायत माहीत नाही.