अण्णांनी थांबवलेली गोळी

फोन आला तेव्हा मी गॅसवर पाणी तापवत होते, अण्णांचे पाय शेकायला. माझे थोरले भाऊ दरवर्षी कोजागिरीला भूम तालुक्यातल्या आमच्या गावाहून तुळजापूरला अनवाणी चालत जायचे आणि वाटेत धाराशिवला माझ्याकडे मुक्काम करायचे. ‘सुमे, नुसतं गरम पाणी दे, बाकी मला काही नको,’ म्हणायचे आणि मग माझ्या डब्यातल्या सगळ्या पोळ्या संपवायचे. यंदा वहिनी आणि त्यांची मुलगी प्राचीही बरोबर चालत होत्या. फोन प्राचीचा होता. मागं बायकांचा गलका, ‘आई राजा उदो उदो’चा गजर. ‘आत्या, पप्पांचं तोंड वाकडं झालंय, हात उचलंना गेलाय. येडशीच्या अलीकडं हावोत आमी. बायका म्हणतेत, अंगात आलंय...’ मी ओरडलेच, ‘अगं, अंगात नाही आलेलं! गाडी थांबव कुठली तरी!’ मला कळलं होतं, कारण त्यांच्या हृदयाचं दुखणं मला माहीत होतं. मेंदूत गुठळी गेली होती. त्यानंतर ते आठवडाभर होते, पण बोलले नाहीत.

आमच्या घरात खव्याची भट्टी. पहाटेपासून दूध यायचं, कढईखाली जाळ लागायचा, आणि धुरानं डोळे चोळत आम्ही भावंडं शाळेला निघायचो. आमचे वडील त्या भट्टीसमोर बसल्या बसल्याच गेले, तेव्हा अण्णा कॉलेजात होते. दृष्ट लागली म्हणाले लोक. पुढं आमच्या आत्याच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, ती खाटेवरच राहिली. तेव्हा म्हणाले, नशीब. या दोन गोष्टी एकाच धाग्यातल्या असतील हे आमच्या मनातही आलं नाही. अण्णांनी कॉलेज सोडलं, भट्टी धरली, मला डी.एड. करायला लावलं. मी रडून म्हणाले होते, तुम्ही शिका, मी थांबते. तर म्हणाले, ‘तुला खवा आटवता येतो का? सगळा करपवशील. जा गुमान.’ झालं, चर्चा संपली. अण्णांशी वाद घालणं म्हणजे म्हशीला पाण्यातून बाहेर काढणं!

काही वर्षांपूर्वी त्यांना धडधड होऊ लागली. आधी आम्लपित्त म्हणून काढा झाला, मग मीच त्यांना ओढत बार्शीला नेलं. डॉक्टरांनी इको केला आणि सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झालाय, हे वडिलांकडून आलेलं असावं. अण्णा म्हणाले, ‘म्हंजी खवा लई आटला म्हणा की.’ डॉक्टरही हसले. मग त्यांनी समजावलं की ठोके अनियमित पडतात, त्यामुळं वरच्या कप्प्यात रक्त नीट हलत नाही, साचतं, त्याची गुठळी होते आणि ती सुटली की थेट मेंदूत जाऊ शकते. अण्णांनी मान डोलावली. ‘कढईत उलथणं थांबलं की बुडाला लागतं, तसंच ना सायेब?’ इतकं त्यांना कळलं होतं. रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर, विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही, हेही कळलं होतं. निघताना डॉक्टर मला म्हणाले, ‘सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायला हवं.’ मी ‘हो’ म्हणाले. त्यावर घरात बोलणं काढलं की अण्णा पोरीकडं बघून विषय बदलायचे. त्यांना स्वतःच्या मरणाची भीती नव्हती, प्राचीच्या रिपोर्टची होती.

ती गोळी त्यांनी कधीच चुकवली नाही. मग यंदा काय झालं? दवाखान्याच्या पायरीवर वहिनींनी सांगितलं. मागच्या वर्षी वाटेत पायात बाभळीचा काटा मोडला होता. एवढासा काटा, पण गोळीमुळं रक्त थांबेना, अख्खा पंचा भिजला. म्हणून यंदा निघायच्या आधीच त्यांनी गोळी बंद केली होती. ‘मला म्हणाले, आईच्या वाटंवर रगत सांडत जाऊ व्हय? चप्पल घालायची न्हाय, मग गोळीच नको. माघारी आल्यावर घेतो की...’ त्यांच्या हिशेबानं ते शहाणपणच होतं. जखम होणार, म्हणून रक्त घट्ट करून घ्यायचं! मला इतका राग आला त्यांचा, आणि ते आत नळ्या लावून पडलेले. राग काढायचा कुणावर? वहिनी पुढं बोलल्या ते मात्र फार अवघड होतं. ‘ताई, त्येंचं बोलणं बोबडं झालं, झोकांड्या खायला लागले, तवा म्याच कुंकू लावलं त्येंच्या कपाळाला. पाया पडले त्येंच्या. मला वाटलं, आईच आली... पोरगी वरडत व्हती, म्या तिलाच गप केलं.’ मी त्यांचा हात धरून बसले.

दिवसकार्य झालं, मी गावीच राहिले, आणि माझी खरी धास्ती सुरू झाली. प्राची पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी तेरखेड्याच्या रस्त्यानं धावायची, आमच्या चुलतभावाचं, म्हणजे तिच्या चुलत्याचं घड्याळ मनगटाला लावून. ती पळायला गेली की माघारी येईपर्यंत मी दारातच उभी राहायचे. शिवाय भावकी एकच घोकत होती की वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. आणि छातीची तपासणी? तिचं तर नावच नको. ‘लग्नाच्या पोरीचं काळीज तपासलं असं बाहेर कळलं तर सोयरीक कोण करंल?’ असं चुलते म्हणाले आणि वहिनी खाली बघत राहिल्या. शेवटी प्राचीच बोलली. ‘आत्या, पळताना मधीच लई धडधडतं. मी बसते जरा, मग उठते. कुणाला सांगितलं न्हाय.’ हे ऐकून वहिनी उठल्या, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, ‘चला बार्शीला.’

माझा इको स्वच्छ निघाला. प्राचीचा नाही. स्नायू जाड आहे, अण्णांइतका नाही. धावणं बंद. ठोके अजून नियमित आहेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी सध्या नको, पण धडधड झाली तर त्याच दिवशी यायचं, आणि दरवर्षी तपासणी. प्राचीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि बाहेर येऊन बुटांच्या नाड्या सोडून रडली. माझ्या चांगल्या रिपोर्टची मला लाज वाटत होती.

मागच्या रविवारी तिला बघायला पाहुणे आले. वहिनींनी मला बजावलं होतं, ताई, तुम्ही मधे बोलायचं नाही, माझं मी बघते. मी घाबरलेच, आता हे सगळं झाकणार आणि पुढं कधीतरी त्या घरात पोरीचं तोंड वाकडं होईल आणि तिथंही कुणीतरी कुंकू लावेल. अण्णांची एक रीत होती. सोयरे असोत की दूध घालणारा, माणूस आला की त्याला बैठकीत न नेता भट्टीजवळच्या बाजेवर बसवायचं, तळहातावर गरम खवा ठेवायचा आणि मगच कामाचं बोलायचं. वहिनींनी पाहुण्यांना तिथंच बसवलं. मुलाच्या आईच्या हातावर खवा ठेवला आणि उभ्यानंच म्हणाल्या, ‘पोरीच्या काळजाचा स्नायू जाड हाय. तिच्या बापाचा व्हता. दरसाली तपासाय न्यावं लागंल. धडधडलं तर त्याच दिशी दवाखाना, देव मागनं. उद्या गोळी लागली तर ती कुणी बंद करायची न्हाय, उपासाला न्हाय अन् नवसाला बी न्हाय. हे कबूल असंल तर पोरीला बोलावते.’ चुलत्यांनी कपाळाला हात लावला. मुलाच्या आईच्या हातातला खवा तसाच राहिला.

कळवतो म्हणून ते गेले. त्यांचा फोन आलेला नाही. काल मी वहिनींना भीत भीत विचारलं, ‘काही निरोप?’ भट्टी पेटवता पेटवता, वळूनही न बघता त्या म्हणाल्या, ‘न्हाय आला तर न्हाय आला, ताई. पोरगी हाय की घरात.’