चि. बीकर, सौ. पिपेट आणि आमचे दस्तगीरचाचा

आमच्या घरातल्या बंबाचं नाव ब्युरेट आहे.

चेष्टा नाही. त्याच्या तांब्याच्या पत्र्यावर तसं कोरलंय. आणि ते कोरणारा माणूस आज सकाळी गेला.

दस्तगीरचाचा. गडमुडशिंगीत आमच्या शेजारचं घर. कोल्हापुरात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर मशीन घेऊन बसायचे आणि लोकांच्या भांड्यांवर नावं घालायचे. गावात कुणाकडंही जेवायला बसा, ताटाच्या कडेला चाचांचंच अक्षर.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत. मार्क बरे पडले म्हणून अकरावीला सायन्स घेतलं आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला तोंडावर आपटले.

सर सगळं इंग्रजीतूनच मागायचे. कॉनिकल फ्लास्क म्हणाले, मी बीकर नेलं. फनेल म्हणाले, मी टेस्ट ट्यूब नेली. वर्ग खिदळला.
मला तर सगळी काच सारखीच दिसत होती.

घरी येऊन दप्तर फेकलं. "मला न्हाई जमत सायन्स!"

माझे वडील, अण्णा, शांतपणे म्हणाले, "दिवाळीच्या आधी तोंडी परीक्षा हाय न्हवं? ती दे. न्हाई जमली तर आर्ट्सला जा."

झालं! मला खरं तर सायन्सच हवं होतं. रडू त्याचंच होतं.

त्या दिवशी चाचा आमच्याच अंगणात बसले होते. ताईचं लग्न ठरलेलं, तिच्या भांड्यांवर नावं घालायचं काम चाललेलं. मशीनची घरघर थांबली.

"का रडालीस गं?"
"नावं ध्यानात राहत न्हाईत, चाचा. इंग्रजी हाईत."
"कुणाची नावं?"
"भांड्यांची. लॅबमधल्या."

चाचा खो खो हसले.
"भांड्यांची व्हय? मग माझ्याकडं यायचं सोडून घरात बसून काय रडालीस? आण घरातली भांडी. तू सांग, मी घालतो. एकदा नाव घातलं की जात न्हाय."

आई आतून ओरडली, "अवं चाचा, माझ्या भांड्यांवर कसली इंग्रजी नावं? पावणं काय म्हणतील?"
"पावण्यांना बी येऊ द्या की जरा इंग्रजी, वहिनी!"

मग काय, पुस्तकातली चित्रं पुढ्यात आणि स्वयंपाकघर अंगणात.

पेला झाला बीकर. नरसाळं झालं फनेल. दुधाचं मापटं, मेजरिंग सिलिंडर. खाली रुंद आणि गळ्याशी निमुळता चंबू, कॉनिकल फ्लास्क. बंबाची फुकणी, पिपेट.

आणि बंबाला खाली तोटी, म्हणून तो ब्युरेट.

तो बंब पणजीच्या लग्नातला, कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यातला. तिचं नाव त्यावर आधीच होतं. चाचांनी तिथं मशीन लावलं नाही. छिन्नी-हातोडी घेऊन एकेक ठिपका ठोकला.
"म्हातारीच्या शेजारी मशीनचं अक्षर बरं दिसत न्हाय," म्हणाले.

संध्याकाळी वाचायला बसले तर पेल्यावर "चि. बीकर". नरसाळ्यावर "सौ. फनेल". फुकणीवर "सौ. पिपेट". बंबावर पणजीच्या खाली "श्रीमती ब्युरेट".

"चाचा, हे काय?"
"अगं, हाताला सवय! आयुष्यभर लग्नाची भांडी केली. मानाशिवाय नाव उतरतच न्हाय."

पुढच्या प्रॅक्टिकलला नाव बरोबर सांगून पिपेट उचलली. तेव्हा तिच्यात द्रावण तोंडानंच ओढून घ्यायचं असायचं.
मी फुंकली. फुकणीच ना ती!
जांभळं पाणी थेट सरांच्या पांढऱ्या शर्टावर.

चाचांना सांगितलं तर ते एकदम गंभीर झाले. "माझं चुकलं. अर्धंच घातलं." फुकणी मागवली आणि खाली अजून एक ओळ कोरली.
"ओढणे. फुंकू नये."

रोज सकाळी बंब पेटवताना अण्णा ते वाचायचे आणि कावायचे, "आता म्या काय करू? धूर ओढू व्हय?"

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. पेन्सिलीनं एकेक वस्तू दाखवायला लागले.
मी डोळे मिटले. समोर आमचं स्वयंपाकघर उभं राहिलं.

बीकर. फनेल. मेजरिंग सिलिंडर. कॉनिकल फ्लास्क. पिपेट.
"आणि ही?"
"श्रीमती ब्युरेट."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मग मला सगळं सांगावंच लागलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पास झाले. अण्णांनी आर्ट्सचा विषय पुन्हा काढला नाही. चाचा मात्र गल्लीभर सांगत सुटले, "आमची पोरगी सायन्सवाली हाय!"

आज शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीची लॅब मी बघते. खेड्यातल्या नव्या पोरी येतात, काच बघून बावरतात. त्यांनाही मी चि. बीकर आणि सौ. पिपेटचीच ओळख करून देते. आधी हसतात, मग विसरत नाहीत.

चाचा, तुमच्यामुळं मी इथं उभी आहे. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "गप्प बस, चहा कर." आज पुन्हा सांगते.

दुपारी माती झाली. चाचींजवळ बसले होते. उठले ती तडक लॅबमध्ये आले.

काचेवर खुणा करायची हिऱ्याची पेन्सिल असते आमच्याकडं. माझ्या टेबलावरचं बीकर घेतलं आणि त्यावर त्यांचं नाव घातलं. अक्षर वाकडंतिकडं आलंय. चाचा बघून नक्की ओरडले असते.

नावाआधी काय लावायचं, तिथं हात थांबला. गेलेल्या माणसाला काय लावतात ते मला माहीत आहे.

मी "चि. दस्तगीरचाचा" असं घातलंय.

वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला कुणी चि. लावतं का? नाही लावत. पण काय करू, हाताला सवय.

या, चाचा.
नाव घातलंय. आता जात न्हाय.