मक्त्याची गाडी

राजूर घाटाच्या खालून दुसऱ्या वळणावर त्या सकाळी मला तित्तिराचा आवाज ऐकू आला. आधी एक, मग त्याला दरीतून उत्तर देणारा दुसरा. लगबगीचा, चढत जाणारा, घरातल्या मंडळींना जेवायला हाका मारल्यासारखा तो स्वर. माघाचे दिवस, सागाची करपलेली पाने रस्त्यावर उतरलेली, हवेत वाळल्या गवताचा गोडसर गंध, आणि मी बुलढाण्याहून मलकापूरला, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला निघालेली. या घाटातून मी इतकी वर्षे जाते-येते आहे की त्याची वळणे मला झोपेतही सांगता येतील. पण तित्तिर? तो कधी ऐकला होता मी? एसटीच्या खिडक्यांचा खडखडाट, चढावर तिचे ते कण्हणे, मागच्या बाकावर कुणाच्यातरी मोबाइलवर वाजणारे गाणे, या सगळ्यातून त्या बिचाऱ्याने घसा फोडून घेतला असता तरी माझ्या कानापर्यंत काय पोचणार होते!

आता मात्र ऐकू येतो, कारण शांतता मी भाड्याने घेतली आहे. तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या नोकरीची तीन वर्षे उरली आणि गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्यांशी उघड वैर मांडले, तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, कुठूनतरी माहिती काढून आणली की विजेवरची गाडी विकत न घेताही मिळते. दरमहा भाडे द्यायचे, तीन वर्षे चालवायची आणि मुदत संपली की कंपनीला परत करायची. नोकरीही तीन वर्षांची, गाडीही तीन वर्षांची. पत्रिका जुळायला आणखी काय हवे असते? आमच्याकडे शेत असे ठरवून दुसऱ्याला कसायला देतात, त्याला मक्ता म्हणतात. म्हणून मी तिचे नाव ठेवले, मक्त्याची गाडी. ते नाव शेजारपाजारी काही रुचले नाही. हिरव्या पाटीची पांढरीशुभ्र गाडी अंगणात उभी राहिलेली पाहून पेढ्यांच्या आशेने आलेल्या शेजारणीला मी खरे सांगून टाकले, तर तिचा चेहरा असा झाला की जणू मी लग्नात दुसऱ्याचे दागिने घालून मिरवताना सापडले आहे. “असं होय,” म्हणाली आणि चहासुद्धा न घेता गेली.

या गाडीची एक खोड मला फार आवडते. उतारावर पाय उचलला की ती आपणहून आवरती होते, आणि त्या आवरण्यातून तिची बॅटरी थोडी थोडी भरत जाते. बुलढाण्याहून निघताना पाहिलेला आकडा घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत चक्क वाढलेला असतो. उतरणीला लागले की सगळ्यांचे कमीच होत जाते, असे आपण किती सहज धरून चालतो! केस, दात, ऐकू येणे, बोलावणी. आणि इथे हे यंत्र सांगते आहे की हळू उतराल तर हाती काहीतरी लागेल. अर्थात संध्याकाळी तोच घाट चढताना ती सकाळची कमाई व्याजासकट खर्ची पडते, तेव्हा या तत्त्वज्ञानाला फार ताणण्यात अर्थ नाही.

घाट उतरले की थोड्या वेळात मोताळा येते, आणि मोताळ्यात माझी आई आहे. धाकट्या भावाकडे राहते. इतकी वर्षे मी रोज तिच्या दारावरून गेले आणि उतरले नाही, कारण उतरले तर पुढची एसटी केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. फाट्याजवळ बस वळताना घराच्या छपराचे कवेलू दिसत, कधी दोरीवरचे लुगडे दिसे. लुगडे दिसले की आई आज बरी आहे असे मी मानून घेई. पण खरी खंत याहून मोठी होती. माझ्या आईने माझे घर कधीच पाहिले नव्हते. तिला गाडी लागते. सपाटीवर कशीबशी निभते, पण घाट सुरू झाला आणि डिझेलचा धूर नाकात शिरला की तिचे डोळे पांढरे व्हायला लागतात. आमच्या वास्तुशांतीला ती निघाली होती, नवे लुगडे नेसून, भावासोबत, हातात लिंबू धरून. दुसऱ्या वळणावर एसटी थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला बसून ती इतकी ओकली की भावाने खाली जाणाऱ्या बसमध्ये तिला तसेच परत नेले. इकडे मी दारात तांब्या घेऊन उभी. पंगतीत तिच्यासाठी मांडलेल्या पाटावर दुसऱ्या कुणाला बसवायचे माझ्या जिवावर आले; तो रिकामाच राहिला. त्यानंतर विषय निघाला की ती हसून म्हणायची, “लेकीच्या घरी मायनं कायले यावं? लेकीनं मायकडं यावं.” तो बहाणा आहे हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. लेकीचे घर डोळ्यांनी न पाहताच आपल्याला जायचे आहे, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते, आणि मला ते रोज, मोताळ्याच्या त्या वळणावर, टोचत होते.

गाडी आणली त्याच आठवड्यात, कामावर जाता जाता, मी प्रथमच वाटेत आईकडे चहाला थांबले. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न केला, “पूजा केली का वं?” नव्हती केली. भाड्याच्या गाडीला कशाला नारळ, असे ह्यांचे म्हणणे पडले होते आणि मलाही ते पटले होते. मी म्हटले, “माय, आपली कुठं आहे ती? मक्त्यानं आणली. तीन वर्षांनी परत द्यायची.” आई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. “लोकाची हाये म्हून काय झालं? तूच बसतं ना तिच्यात? तुह्या बापानं लोकाचं वावर वाह्यलं, तं पेरनीच्या दिवशी नारळ नाही फोडला काय?”

फोडायचे, दर साली. माझे वडील भाजीपाला करायचे, मोताळ्याच्या नाल्याकाठी, दुसऱ्याच्या वावरात, मक्त्याने. मक्त्याच्या वावराचा एक अलिखित रिवाज आहे, शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही तो सांगावा लागत नाही: अशा वावरात शेणखत टाकायचे नाही. शेणखताचा जोर जमिनीत तीन साल टिकतो आणि मक्ता असतो सालाचा. पुढच्या साली वावर कोणाकडे जाईल कोणी सांगावे! आपण गाड्याच्या गाड्या खत ओतायचे आणि वांगी पिकवायची दुसऱ्याने, हा कुठला व्यवहार? पण बाबा टाकायचे. घरच्या गोठ्यातले, वर्षभर कुजवलेले, काळे भुसभुशीत खत. लोक हसत, “लोकाच्या वावरात कायले जीव टाकतं बे?” त्यावर बाबांचे एकच उत्तर ठरलेले असे, “वावराले थोडंच माहीत हाये ते कोनाचं हाये ते.” लहानपणी मला ते उत्तर भोळसट वाटायचे. एकदा तर ते वावर खत पडल्यावर लगोलग दुसऱ्याकडे गेलेही, आणि त्या दुसऱ्याची भेंडी आम्ही बाजारातून विकत आणून खाल्ली. बाबांनी ती मिटक्या मारीत खाल्ली, हे मात्र मला आठवते.

तेव्हा पूजा झाली. आईने हळदीकुंकवाने गाडीच्या नाकावर स्वस्तिक काढले, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवले. मग बाजूला होऊन हात जोडून उभी राहिली. गाडी गुरगुरून सुरू व्हावी, लिंबे चिरडावीत आणि इडापिडा टळावी, असा तो विधी. मी गाडी अलगद पुढे घेतली आणि थांबले. आई उभीच. मिटल्या डोळ्यांनी वाट पाहत. शेवटी डोळे न उघडताच म्हणाली, “चालू तं कर वं!” मी म्हटले, “चालूच आहे माय. लिंबं पाहा खाली.” तिने डोळे उघडले, चिरडलेली लिंबे पाहिली, आणि इतकी खुदखुदून हसली की पदराने डोळे टिपावे लागले. मग एकाएकी गाडीच्या मागे गेली, वाकली, आणि पूजेसाठी स्वयंपाकघरातून आणलेले पाचवे लिंबू मुठीत घोळवत विचारले, “धूर कुठून निघते हिचा?”

“निघतच नाही.”

“वासबी नाही?”

“वासही नाही.”

ते लिंबू तिने मला दिले नाही, परत आतही ठेवले नाही, कनवटीला खोचले. मी ते पाहिले, पण शब्द काढला नाही. आईला आग्रह केला की ती हट्टाने मागे सरते, हा माझा जन्माचा अनुभव आहे. रोज चहाला थांबत गेले, आणि घाटाचे नाव घेतले नाही. कपाशीची शेवटची वेचणी उरकली, पळस पेटायला लागला, तेव्हा एके दिवशी कप खाली ठेवत आई आपणहून म्हणाली, “रविवारी येतो मी. जमलं तं वर, नाही तं वापस.”

त्या रविवारी मी जशी गाडी हाकली तशी आयुष्यात कधी हाकली नसेन. राजूर मागे पडले, चढ लागला. आई पुढच्या आसनावर ताठ बसलेली, मुठीत लिंबू, ओठ घट्ट मिटलेले. पहिले वळण गेले. मी तिच्याकडे पाहायचे टाळत होते आणि तिच्याखेरीज दुसरे काही मला दिसतही नव्हते. दुसऱ्या वळणाशी ती म्हणाली, “थांबव वं.”

म्हणजे झाले, पुन्हा तेच! मी गाडी कडेला घेतली, पाण्याची बाटली शोधू लागले. “मळमळते का?”

“नाही वं. इथंच उतरली होती मी तवा. जागा पाहू दे.”

ती उतरली, पदर सावरून कठड्याशी उभी राहिली. दरीत पळसाच्या शेंदरी ज्वाळा, पलीकडे पिवळे पडलेले डोंगर, आणि खाली, खूप खाली, मोताळ्याकडची वावरे. तेवढ्यात तो बोलला. आधी एक, मग दुसरा. आईने मान वाकडी करून ऐकले. “तीतर हाये. जोडी हाये,” म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “तवाबी असन. मले कायचा ऐकू येते तवा!” मग गाडीत बसून तिने लिंबू समोरच्या खणात टाकले आणि ते तिथेच विसरली.

माझे घर तिने खोलीखोलीने पाहिले, देवघरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. मी तिला पाट मांडला. इतकी वर्षे रिकामा राहिलेला तो पाट, असे मनात आले. पण ती बसली ती परसात. घर बांधले तेव्हा कढीपत्त्याचे एक रोप तिने भावाच्या हाती पाठवले होते, आता ते छताच्याही वर गेले आहे. खोडाला हात लावून ती म्हणाली, “बोटाएवढं होतं वं हे.” बराच वेळ हात तसाच ठेवला. मग विचारले, “किती दिवस हाये म्हनतं ही गाडी?”

“तीन वर्षं.”

“मंग बहू झाले. मले तितके पुरतात.”

ती हे इतक्या समाधानाने म्हणाली की मला रडूही आले नाही. गाडी आणल्यापासून मी ही तीन वर्षे सगळ्यांना जरा ओशाळून सांगत आले होते. त्या क्षणी ती मला प्रथमच फार थोडी वाटली, आणि फार मोलाची. आई मात्र तोवर झाडाच्या बुंध्याशी माती उकरून पाहत होती. “याले खत नाही देत का वं तुमी? पुढच्या खेपेले आनतो.”

आणि आणले की! पुढच्या रविवारी मोताळ्याला पोचले तर दारात आई तयार, आणि तिच्या शेजारी काठोकाठ भरलेले शेणखताचे पोते. भावाने ते डिकीत चढवले. ज्या बाईला डिझेलचा वास सोसत नाही ती त्या घमघमाटात सबंध घाट गप्पा मारत चढली. खताचा कसला आला वास, असे तिचे म्हणणे. बुंध्याभोवती आळे करून खत पसरताना मी तिला विचारले, हे किती दिवस पुरेल. हात झटकत ती म्हणाली, “तीन सालं पाहनं नाही.”

आज सकाळी घाट उतरताना आईच्या त्या वळणावर सवयीने गाडी हळू केली. काच खाली घेतली. माझ्या बाजूची नव्हे, आईच्या बाजूची. तित्तिर दोनदा बोलला. समोरच्या खणात ते लिंबू वाळून खुळखुळते आहे, आणि कितीही पुसले तरी डिकीतला शेणखताचा वास काही जात नाही. परत घेताना कंपनीवाले नाक मुरडतील, मुरडू देत. येत्या रविवारी आई आणखी एक पोते आणणार आहे.