श्रावणातले उंदीर

बायोमेडिकल सायन्सेसमध्ये एम.एस्सी. करायला विद्यापीठात गेले तेव्हा घरच्यांनी आमच्या केरी गावभर सांगून टाकलं की मुलगी डॉक्टर होणार. मी समजावत बसले नाही. मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या मॅडम, मूळच्या घाटावरच्या, दर वर्षी शेवटच्या प्रबंधासाठी आपल्या लॅबमध्ये एकच विद्यार्थी घेत. ती जागा मिळाली की पुढे पीएच.डी.ची वाट मोकळी व्हायची. बाकीच्यांनी चार पुस्तकं वाचून निबंध लिहायचा आणि तुयेच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या तपासायला जायचं. माझी चुलत बहीण तेच करते. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात. मला ती जागा काही करून हवी होती.

उंदरांचं प्रॅक्टिकल श्रावणात आलं, गणेश चवथीच्या थोडे दिवस आधी. पांढरा उंदीर मारून त्याच्या मांडीच्या हाडातला मगज काढायचा, काचपट्टीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या. मारायचं ते हाताने, मानेवर लोखंडी दांडी दाबून आणि शेपटी ओढून, मान एका झटक्यात मोडून. मॅडमनी एकदा करून दाखवलं आणि म्हणाल्या, "हात कचरला तर त्याचे हाल होतात. झटका पूर्ण द्या."

मग वर्गाला एकदम धर्म आठवला. कुणाचा उपास निघाला, कुणी महिनाभर मासळीला शिवत नव्हतं. माझ्या हॉस्टेलच्या खोलीत डिचोलीची एक मुलगी राहायची, बाजारातल्या जुन्या दुकानदारांच्या घरची. गोड बोलणारी, घरून आलेला खाऊ आधी माझ्या हातावर ठेवणारी. तिने पिंजऱ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"आमच्या घरी गणपती येता गो. हांव उंदीर मारूं?"

गणपती आमच्याही घरी येतो. दीडच दिवस राहतो, पण येतो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तूंच मार," ती म्हणाली. "तुका सवय आसा मगे."

सवय कसली, तर माझी आई पेडण्याच्या बाजारात मासळी विकते. आमच्या दारात मासळी येते ती मेलेलीच येते. मी विळीवर साफ करते, एवढंच. तोवर मी झुरळाखेरीज काहीही मारलं नव्हतं. हे तिच्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण मॅडम बघत होत्या आणि मला जागा दिसत होती. मी पिंजऱ्यात हात घातला.

उंदीर ऊबदार होता. त्याचं काळीज माझ्या बोटाखाली नुसतं धावत होतं. मी शेपटीच्या मुळाशी धरलं, मानेवर दांडी दाबली आणि ओढलं. मॅडम म्हणाल्या, "छान." त्या एका शब्दावर मी भाळले. एकेकाचा पिंजरा माझ्यापुढे सरकत आला आणि मी एकेक उंदीर मारत गेले. ज्याचा उंदीर तो तेवढा वेळ जनेलातून बाहेरची झाडं बघे. मेलेला उंदीर ताब्यात घेताना मात्र कुणाचा उपास आडवा आला नाही. मांडी चिरायला सगळे पुढे.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा डिचोलीच्या मुलीने आपला डबा थोडा पलीकडे सरकवला. "हात बरे धुयल्यात मगे?" तिने हसत विचारलं. सगळे हसले. मीही हसले, कारण जागा अजून जाहीर व्हायची होती. संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर माझं नाव खाटकीण पडलं.

चवथीची सुट्टी संपली आणि मॅडमनी जागा डिचोलीच्या मुलीला दिली. मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"तुझा हात उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण या कामाला मन लागतं. ती त्या दिवशी रडली. तू एकदाही थांबली नाहीस. खरं सांगू, मला जरा भीतीच वाटली तुझी." मग कागद आवरता आवरता त्यांनी पुढचं सांगितलं. "आणि तिला ते मारायचं काही जमणार नाही. उंदीर मारायचे असतील त्या दिवशी तू येत जा, तिच्या मदतीला."

माझे कान तापले. टेबलावरची काचेची बरणी उचलून भिंतीवर फेकावी असं वाटलं. तोंडातून निघालं ते, "येते, मॅडम."

ठरल्या दिवशी लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. तिने पिंजरा माझ्याकडे ढकलला आणि सवयीने जनेलाकडे तोंड फिरवलं. मी तिच्या खांद्याला धरून तिला परत वळवलं, उंदीर काढून तिच्या हातात दिला आणि कुठे धरायचं ते दाखवलं.

"माका जमना गो."

"प्रबंध तुझो. धर."

तिने धरलं, डोळे मिटले आणि अर्धवट ओढलं. उंदीर मेला नाही. मागचे पाय लुळे पडले आणि पुढच्या पायांनी तो टेबलावर गोल गोल फिरू लागला. मी एका क्षणात त्याची सुटका करू शकले असते. मी हात मागे बांधून उभी राहिले.

"कर गो कितें तरी," ती रडत म्हणाली.

"तूंच कर. सवय पडतली."

बराच वेळ गेला. शेवटी तिनेच परत दांडी दाबली आणि या वेळी पूर्ण झटका दिला. मग बेसिनवर ओकली. मला तिची दया आली नाही. उंदराची आली, पण तिच्यावरचा राग त्याहून मोठा होता.

पुढच्या खेपेला ती रडली नाही. त्याच्या पुढच्या खेपेला तिने मला बोलावलंच नाही. मी माझा निबंध लिहिला, पास झाले आणि तुयेला गोळ्या तपासायला लागले. पायही सुजायला लागले.

पुढच्या चवथीला तिने मला डिचोलीला आग्रहाने बोलावलं. मोठं घर, गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळी फळांनी भरलेली, माणसांची ये-जा. मी नमस्कार करून बसले. ती हौसेने लॅबच्या गोष्टी सांगत होती. तिला पीएच.डी.ला घेणार होते. "मॅडम म्हणतात, माझो हात तुझ्यापरस हलको," ती म्हणाली. आता तीच नव्या मुलांना शिकवत होती.

तेवढ्यात तिच्या आईने नैवेद्याचं ताट आणलं. ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून मूर्तीपुढचा मातीचा उंदीर बाजूला घ्यायला तिने लेकीला सांगितलं. मुलगी बोलता बोलता वाकली आणि तिने तो उचलला. दोन बोटांनी, शेपटीच्या मुळाशी धरून, मी दाखवलं होतं तसाच.

"सांबाळून गो," आई म्हणाली. "मान मोडतली ताची."

"मोडची नाय, काकी," मी म्हटलं. "तिका आता सवय आसा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उंदीर खाली ठेवला आणि ओढणीला हात पुसत राहिली.