सोड्याच्या पाण्याचा हिशेब

माझी आत्या लक्ष्मीदेवी रंगाऱ्याची लेक आणि रंगाऱ्याचीच सून. मैसूरच्या अग्रहारात पन्नास वर्षं तिनं साड्या रंगवल्या. तिच्या रंगानं कधी कुणाचं पोलकं डागलं नाही, आणि हे ती दिवसातून दोनदा ऐकवायची. ऐकून घ्यावं लागे, इलाज नव्हता.

गेल्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले, या पेशींच्या अंगावर ग्राहक, म्हणजे निरोप झेलणारे रिसेप्टर, फार आहेत, तेच पेशीला ‘वाढ, वाढ’ सांगतात. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, ते औषध ग्राहकांवर बसून त्यांचं तोंड बंद करतं. शिवाय रक्त तपासत राहायचं.

“रक्तात काय बघतात गं?” आत्यानं मला विचारलं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, सोपं करून सांगायची भारी हौस. त्यात मुलीच्या, पावनीच्या, बाळंतपणासाठी हुबळीची गाडी गाठायची होती. म्हटलं, “त्या ग्राहकांचे तुकडे सुटून रक्तात येतात. कापडाचा रंग पाण्यात उतरतो ना, तसं. डॉक्टर ते पाणी तपासतात.” आणि बॅग उचलून निघाले. शहाणी मी!

दोन महिने फोनवर ती एकच सांगायची, “उतरतंय गं, छान उतरतंय.” मला हायसं वाटायचं.

परत आले तर तिनं केसरीभाताची वाटी पुढं केली आणि कौतुकानं रिपोर्ट काढले. रक्तातल्या तुकड्यांचे आकडे: बावीस. अठ्ठावन्न. एकशे एकतीस.

“अय्यो, बघतेस काय अशी? जुना रंग काढायला साडी सोड्यात उकळतो. पाणी जितकं गडद, कापड तितकं मोकळं.”

“आणि इंजेक्शन?”

“दोन सोडली. दम लागतो. एवढं उतरलंय, मग सुम्ने, उगाच, कशाला टोचून घ्यायचं?”

मी ओरडले. आजारी बाईवर ओरडले, याची आजही लाज वाटते. मग खाली बसून उरलेलं सांगितलं. ग्राहकाचं डोकं तुटून रक्तात जातं, पण बुडखा पेशीतच राहतो आणि कुणी न सांगता तोच ‘वाढ, वाढ’ करत सुटतो. औषधाला धरायला डोकंच उरत नाही, ते रक्तात तरंगणाऱ्या तुकड्यांना चिकटून वाया जातं. आकडा चढला म्हणजे गाठ वाढतेय.

आत्या रिपोर्टच्या घड्या घालत बसली. मग म्हणाली, “हे त्या दिवशीच का नाही सांगितलंस?”

मी फोन काढून डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी औषध बदललं. पण तोवर आजार फुप्फुसात गेला होता. दोन इंजेक्शनं चुकली नसती तर वाचली असती का, असं मी त्यांना तीनदा विचारलं. तीनदाही ते म्हणाले, सांगता येत नाही. मार्गशीर्षात आत्या गेली.

जाण्याच्या चार दिवस आधी तिनं माझा हात धरला. “एक कर. लक्ष्मीदेवीला रंगाचं पाणी ओळखता आलं नाही, असं कुणाला सांगू नकोस.”

नाही सांगत, आत्या. पाणी तू बरोबर ओळखलंस. ते कापडाचं नव्हतं, एवढंच सांगायचं माझ्याकडून राहिलं.