दारूनंतरची बाटली

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितला आणि माझ्या नवऱ्याला, बस्त्यावला, विचारलं, "रोज किती घेता?"

माझं डोकंच फिरलं. "नऊ वर्षं झाली, थेंबाला शिवलेला नाही तो!" मनोरी गावात आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्न असो की बाप्तिस्मा, पेला हातात येतोच. तरी बस्त्यावने दारू सोडली होती. मला त्याचा केवढा अभिमान!

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मग गोड काय पिता?"

"कोल्ड्रिंक," बस्त्याव म्हणाला. त्याची दारूची वेळ संध्याकाळी सहाची. ती सोडल्यावरही तेव्हा त्याचे हात चुळबुळायला लागायचे, म्हणून मी कोल्ड्रिंकची मोठी बाटली उघडून त्याच्यासमोर बसायचे. गप्पा दोघांच्या, बाटली त्याची. नऊ वर्षं, रोज.

आजाराचं नाव फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठते. दारू न पिणाऱ्यालाही होतो. मग फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते बघायची तपासणी. कांदिवलीच्या त्या हॉस्पिटलात बाकड्यावर बसून मला एकच कळेना. मी नवऱ्याला वाचवत होते की आजारी पाडत होते?

"सुरुवात आहे. गोड पेयं बंद करा, वजन उतरवा, सुधारेल," डॉक्टर म्हणाल्या. "या पेयांवर कर आहेच, पण आणखी जबर हवा. माणसं आपोआप कमी पितील."

मी मान डोलावली, पण पटलं नाही. दारू महागली तेव्हा बस्त्यावची दारू कुठे कमी झाली? घरातलं मटण कमी झालं. बरं, कोल्ड्रिंक तेव्हा फार महाग असतं तर मी रोज आणलं असतं का? आणि नसतं आणलं तर तो परत गुत्त्यावर गेला असता? विचार करून डोक्याचा भुगा झाला.

कोल्ड्रिंक बंद केलं. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. बिनसाखरेचं कोकम दिलं की तोंड वाकडं करायचा. एका संध्याकाळी काही न सांगता जेट्टीकडे निघून गेला. मी दारातच उभी. परतला तसं सरळ त्याचं तोंड हुंगलं. प्यायला नव्हता. तो चिडला, आणि मला माझीच लाज वाटली.

तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. हॉस्पिटलात टेबलावर एक अर्ज होता, गोड पेयांवरचा कर वाढवा म्हणून सह्या गोळा करायचा. बस्त्यावने पटकन सही केली आणि पेन मला दिलं. माझा हात पुढे होईना.

"काय झालं गं?"

"त्या बाटलीनेच तुझी दारू सोडवली ना रे? तिच्याविरुद्ध सही कशी करू?"

"बाटलीने कुठे?" तो म्हणाला. "तू बसायचीस ना समोर."

चारचौघांत मला रडू आलं. सही केली, ती वाकडी झाली. हा कर रास्त की अन्याय, मला अजून ठरवता येत नाही. पण तुमच्या घरात कुणी दारू सोडत असेल तर त्याच्या हातात काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि तुम्ही त्याच्याजवळ बसा.