आधी मला वाचून दाखवायची

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. मी तुरीच्या शेंगा सोलत होतो आणि माझी बायको कुसुम मोबाइलवर लिहिलेलं मला वाचून दाखवत होती. वाचून झाल्यावर तिनं नेहमीसारखं विचारलं, "समजलं का? खरं सांगजा."

मी म्हणालो, "समजलं."

ती हसली. "आज तं एका झटक्यात पास केलं तुमी!" आणि बटण दाबून तिनं ते ब्लॉगवर टाकून दिलं.

मी एक अक्षर ऐकलं नव्हतं. मी गवंडी माणूस. आदल्या दिवशी टाकलेल्या स्लॅबवर मजुरांनी पाणी मारलं की नाही, डोकं तिथं होतं.

कुसुम बुलढाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथालय परिचर होती. पुस्तकं झाडायची, लावायची. आमच्या धाड गावाहून रोज एसटीनं जाणं-येणं. एकदा कॉलेजात नोटीस लागली, शिक्षक व कर्मचारी यांच्यासाठी ब्लॉगची ओळख. ही जाऊन पहिल्या रांगेत बसली. एक प्राध्यापक म्हणाले, "बाई, हे तुमच्या कामाचं नाही. तुम्ही चहाचं तेवढं बघा." ही म्हणाली, "नोटिशीत कर्मचारी लिवलं हाये ना सर? मंग मी काय पाव्हनी हावो?" लोक हसले. ही उठली नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय असते वं हे ब्लॉग?"

"आपली वहीच असते. पन कोनीबी उघडून वाचू शकते."

"अन् कोनी नाई वाचलं तं?"

"तरी नीट लिवा लागते. काय सांगता, एखादा वाचेलबी."

बाकीच्यांनी 'माझ्या ब्लॉगवर आपले स्वागत आहे' एवढं लिहिलं आणि विसरून गेले. कुसुम दर रविवारी लिहायची. परत आलेल्या पुस्तकांत पोरापोरींचं काहीबाही राहून जातं. बसचा पास, मोरपीस, लग्नाची पत्रिका. त्यावर ती लिहायची. नाव कोणाचं छापायची नाही. एकदा औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं, तर दुसऱ्याच दिवशी एक पोरगी धावत आली. बापाची चिठ्ठी हरवली म्हणून तिनं घरी बोलणी खाल्ली होती. कुसुम ते चार दिवस सांगत होती.

टाकण्याआधी मात्र मला वाचून दाखवायची. मी चौथी शिकलेला. मी चिडायचो, "कालेजात इतके शिकेल लोक हायेत, माहंच डोकं काऊन खातं?"

"शिकेल लोक न समजताबी मान हालवतात. तुमी नाई हालवत."

खरंच नाही हलवायचो. पटलं नाही तर सांगायचो, "यात माल कमी अन् पानी जास्त हाये." ती 'खडूस म्हातारा' म्हणायची, आत जायची आणि पुन्हा लिहून आणायची. कधी तीन-तीनदा.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी कॉलेजातून फोन आला. कपाटाजवळ पुस्तकं लावता लावता ती खाली बसली, ती उठलीच नाही. जीप करून मी दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

कॉलेजातले लोक भेटायला आले. जो तो म्हणे, बाईंनी शेवटचं फार चांगलं लिहिलं. मी हो म्हणायचो. कुसुमशी खोटं बोललो होतो, आता तिच्यामागं या लोकांशीही बोलत होतो. सासरहून आलेली आमची पोरगी म्हणाली, "बाबा, वाचून दाखवू का?" मी नको म्हणालो. तिच्यासमोर ऐकायची हिंमत नव्हती.

तेरवी झाली. पोरगी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला आणि कुसुमचा फोन घेऊन बसलो. अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं. लिहिलं होतं, 'एका जुन्या पुस्तकात आंतरदेशीय पत्र सापडलं. वर पत्ता आहे, आत एकही ओळ नाही. मला वाटतं, पत्ता लिहिला तेव्हाच लिहिणारीचं सांगून झालं असेल.'

तिथं थांबलो. पुन्हा वाचलं. फक्त पत्ता लिहून काय सांगून होतं माणसाचं? रविवारी विचारलं असतं तर तिनं समजावून सांगितलं असतं, नाहीतर मला शिव्या देत बदललं असतं. चहावर साय धरली.

खाली वाचणाऱ्यानं लिहायची जागा होती. एकेक अक्षर शोधून मी लिहिलं, 'शेवटची ओळ समजली नाही.' बटण दाबलं. फोन तिचा, म्हणून वर नाव तिचंच उमटलं.